गुळाची ओळ

चहापत्तीचा पुडा पिशवीत टाकून खंडेराव दुकानाची पायरी उतरत होते, तेवढ्यात मागं एका बाईनं गूळ मागितला. “एक किलो द्या. काळा पायजे. औषधाला हाय.” दुकानदार हसला. “औषधाचा गूळ कुठला काढला, मावशी?” “वेल्डरचा,” बाई म्हणाली, जसं काही ते साऱ्या औरंगपुऱ्याला ठाऊकच असावं. “धुरावरचा. खाल्ला की छाती मोकळी व्हती.” खंडेरावांचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. तसेच चालू लागले असते तर रिक्षांच्या गर्दीत दोन पावलांत दिसेनासे झाले असते. माणसं टाळण्याची ही कला त्यांना जन्मभराच्या सवयीनं चांगली साधली होती. पण त्या शब्दानं मान आपोआप वळली, आणि बाईनं त्यांना पाहिलं.

“अगं बया, खंडेराव साहेब!” तिनं पदर सारखा केला. “वळखलं का? मी आवडाबाई. चार नंबरच्या बूथवाल्यांची कारभारीण.”

नवऱ्याचं नाव ती आजही घेत नव्हती, पण चार नंबरचा बूथ म्हणजे कडुबा. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात खंडेरावांनी पस्तीस वर्षं नकाशे काढले, तिथला सगळ्यात जुना वेल्डर. “कसा आहे कडुबा?” त्यांनी विचारलं, आणि विचारताविचारताच उत्तर ऐकायला नको वाटू लागलं.

“हायेत की. दारात बसून असत्यात. जिना चढवना, म्हणून खालची खोली घेतली. बोलता बोलता दम सरतो, मंग म्याच वाक्य पुरं करते. तीस वर्सं संसार केला, काय बोलणार ते मला आधीच ठाव असतंय.” ती हसली. खरंच हसली. “पर तुमच्या गुळानं तरले बघा, साहेब. रोज म्हणत्यात, खंडेराव साहेबाचा गूळ आण. कंपनीत व्हते तवर फुकट मिळायचा, आता इकत आणते. डाक्टर म्हंतो गुळानं काय व्हत नाय. म्या म्हणलं, तुला काय कळतंय, आमच्या साहेबानं पुस्तकं वाचून सांगितलेलं हाय.” बोलता बोलता तिनं ढेपेचा एक कोपरा मोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला. “घ्या, तोंड गोड करा. लई दिसांनी भेटलात.”

तोंड गोड करणं त्यांना जमलं नाही. घरी या, असं ती म्हणाली; येतो, असं ते म्हणाले; आणि रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मूठ अजून मिटलेलीच आहे. जालना रोडवर ऊन चढलं होतं. मार्चचं ऊन, पण मे महिन्याचा रुबाब. मुठीत गूळ पाझरायला लागला होता. टाकून द्यावा, तर रस्त्यावर अन्न टाकायचं नाही ही लहानपणची शिकवण आडवी येत होती. खावा, तर घशाखाली उतरला नसता. पिशवीत ठेवावा, तर चहापत्ती आणि त्याखालची नकाशाची गुंडाळी चिकट झाली असती. अशा एवढ्याशा गोष्टीवरसुद्धा आपल्याला निर्णय घेता येत नाही, हे त्यांच्या मनात नेहमीच्याच क्रमानं आलं, आणि नेहमीप्रमाणे त्यामागून एकोणीस वर्षांपूर्वीची ती बैठकही आली.

जुनी शेड तेव्हा नवी व्हायची होती. वेल्डिंगचे सहा बूथ, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याचं मोठं झाकण, झाकणाला नळी, नळीला पंखा. धूर वर जातो, म्हणून झाकण वर, इतकं सरळ. मोठ्या साहेबांनी ते दुसऱ्या एका कारखान्यात पाहून आणलं होतं. खंडेरावांनी मात्र त्या उन्हाळ्यात हवेच्या वहनावरचं एक जाडजूड पुस्तक ग्रंथालयातून आणून, लोक कादंबरी वाचतात तसं वाचलं होतं, समासात टिपणं काढत. धूर वर जातो हे चुलीला ठीक. चुलीपुढचा माणूस बाजूला बसतो. वेल्डर बाजूला बसत नाही. तो कामावर वाकतो, ठिणगीच्या नेमका वर. त्याचं तोंड धूर आणि झाकण यांच्या मधोमध येतं. म्हणजे पंखा जितका जोराचा, तितका धूर जास्त इमानदारीनं त्याच्या नाकावरून वर जाणार. धूर बाजूनं ओढायला हवा, ठिणगीच्या जवळून, हलवता येईल अशा लांब लवचीक नळीनं. त्या नळीला पुस्तकात काहीतरी भारी नाव होतं. खंडेरावांनी आपल्या वहीत नुसतं ‘सोंड’ असं लिहिलं होतं आणि शेजारी एक छोटा हत्तीही काढला होता. हत्ती नंतर त्यांनी लाजून खोडून टाकला.

बैठकीत त्यांनी तीनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “काही म्हणायचंय का, खंडेराव?” खोलीत अकरा माणसं होती. अकरा माणसांचे बावीस डोळे. “नाही, साहेब,” ते म्हणाले. एवढंच. जगात माणसं किती मोठमोठ्या गोष्टींबद्दल खोटं बोलतात, आणि ते पंख्याबद्दल बोलले. त्या रात्री त्यांनी उशीवर तोंड दाबून सगळं भाषण म्हणून पाहिलं होतं; शब्द न शब्द बरोबर येत होता.

मग शेड चालू झाल्यावर दोन महिन्यांनी कडुबाला सोमवारचा ताप यायला लागला. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की वेल्डरच्या तोंडाला एक विचित्र गोड चव येते, संध्याकाळी हुडहुडी भरते आणि सकाळी उतरते. रविवारची सुटी झाली की सोमवारी पुन्हा नव्यानं. कडुबा नकाशाच्या खोलीत आला होता, टोपी हातात घेऊन. “साहेब, तोंड नुस्तं साखर खाल्ल्यावानी व्हतंय. अन् मंग थंडी. कुणी म्हंतंय गूळ खा, धूर खाली उतरतो. खरं हाय का ओ?” खरं नव्हतं. गूळ पोटात जातो, धूर छातीत जातो. दोन वाटा वेगळ्या, दोघांची गाठ पडत नाही. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पण समोरच्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणंही त्यांना जमत नव्हतं, आणि वरच्या मजल्यावर जाऊन बोलणंही जमत नव्हतं; म्हणून त्यांनी दोन्हींच्या मधलं केलं. एक टिपण लिहिलं. ‘बाजूने धूर ओढण्याची व्यवस्था होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक वेल्डरास रोज थोडा गूळ द्यावा.’ टिपण एका तासात मंजूर झालं. आधीचा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली: “खंडेराव बोलत नाही, पण माणसाचा विचार करतो.” दुसऱ्या दिवशीपासून पाळी सुटताना दारात परात ठेवली जाऊ लागली, वेल्डर रांगेनं एकेक खडा उचलून तोंडात टाकू लागले, आणि सोंडेबद्दल कुणालाच काही वाटेनासं झालं. खंडेरावांनासुद्धा. हीच गोष्ट आता रिक्षात, बंद मुठीतल्या ओलाव्यासह, त्यांना सर्वांत जास्त टोचत होती. परात पाहिली की त्यांनाही हायसं वाटायचं.

कारखान्याच्या फाटकाशी उतरून त्यांनी नळावर हात धुतला. गूळ गेला, चिकटपणा गेला नाही. जुन्या शेडमागच्या अंगणात ब्लास्टिंग चालू होतं. लोखंडावरचा गंज काढायला दाबाच्या हवेनं बारीक पोलादी खडीचा मारा करतात, तो आवाज. शेकडो पत्र्यांवर एकाच वेळी गारा पडाव्यात तसा. खडीची टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागतात, भरायला दहा. पस्तीस वर्षांत या आवाजानं त्यांचा दिवस असाच कापला होता, वीस आणि दहा, वीस आणि दहा. ते पायऱ्या चढेपर्यंत टाकी संपली आणि एकदम शांतता झाली. शेडच्या दारातून एका तरुण वेल्डरनं तोंडावरची काच वर करून हाक मारली, “काका, नव्या शेडला गूळ वाढवा बरं का! ही परात पुरंना आता!” त्यांनी हात हलवला. दुसरं काय करणार?

राजकुमार, इथला आताचा प्रमुख, चाळिशीतला, चटपटीत, मनानं वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं खंडेरावांना कितीदा तरी वाटे. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला नव्या शेडसाठी सल्लागार म्हणून त्यानंच बोलावलं होतं, जाता-येता रिक्षा दिली होती, सर म्हणत होता. “या सर, या. चहा घेणार? बसा, पंख्याखाली बसा. तुमची फक्त सही राहिली. तुमची सही दिसली की वरचे लोक पुढचं पानच उलटत नाहीत.” टेबलावर नकाशा पसरला होता. पलीकडे सुकेशनी बसली होती, सुरक्षेचं काम पाहणारी, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. तिच्या मांडीवर उघडी वही होती आणि त्यात बारीक अक्षरांत आकडे. खंडेरावांनी ते अक्षर दुरून पाहिलं आणि नजर काढून घेतली. दुसऱ्याच्या घरात आपलाच जुना फोटो दिसावा तसं झालं.

नकाशा त्यांचाच होता आणि त्यांचा नव्हता. आठ बूथ होते. बूथच्या बाजूनं निघणाऱ्या आठ सोंडा, ज्या त्यांनी दोन महिने खपून, नळीचं प्रत्येक वळण मोजून काढल्या होत्या, त्या नव्हत्या. डोक्यावर आठ झाकणं होती. ब्लास्टिंगची खोली त्यांनी पूर्वेच्या टोकाला, बंद, हवा आत ओढली जाईल आणि धूळ बाहेर येणार नाही अशी ठेवली होती. ती उचलून पश्चिमेला, मोठ्या फाटकाशी आणली होती, आणि तिचं दार बूथच्या तोंडाला होतं. उजव्या बाजूच्या सूचनांच्या रकान्यात सातवी ओळ होती: ‘वेल्डरांचे आरोग्य : गूळ वाटप, प्रचलित पद्धतीनुसार.’ ती त्यांनी दोनदा वाचली. तात्पुरत्या उपायाची पद्धत झाली होती, आणि पद्धतीला आता जन्मदात्याची गरज उरली नव्हती.

“सोंडा दिसत नाहीत,” ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की राजकुमारला पुढं वाकावं लागलं.

“दुसऱ्या टप्प्यात आहेत ना, सर.”

“दुसरा टप्पा कधी?”

“पहिला झाला की!” तो मोकळेपणी हसला. “आणि ब्लास्टिंग इकडं आणलं, कारण गाडी फाटकातून आली की माल लगेच उतरतो. क्रेन पूर्ण शेड ओलांडत नाही. चला ना, दाखवतो. आत लई भारी झालंय काम.”

नवी शेड रिकामी होती, आणि रिकाम्या जागेचा जो एक खोटा स्वच्छपणा असतो तो तिला होता. पश्चिमेच्या फाटकातून वारा येत होता. फार नाही, शर्टाची बाही हलावी एवढा. चिकलठाण्याच्या या माळावर वर्षातले कितीतरी महिने वारा इकडूनच येतो. खंडेरावांना त्यांचे वडील आठवले. केरबा. मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला शेताशेतातून हिंडणारा, खतासाठी लोकांच्या रानात मेंढ्या बसवणारा, अक्षर न येणारा माणूस. संध्याकाळी जाळीचं कुंपण, ती वाघर, ठोकण्याआधी तो खाली वाकायचा, चिमूटभर माती उचलायचा आणि डोक्याइतक्या उंचीवरून सोडायचा. माती जाईल तिकडं बघायचा, मग मेंढरं कुठं आणि डासांसाठीची धुनी कुठं हे ठरवायचा. “वारा इचारून वाघर लावावी, खंडू. धूर मेंढराच्या पाठीवरनं जावा, नाकातनं नाय.” खंडूला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. शाळेत जाणारा मुलगा होता तो, पुस्तकात वाऱ्याची दिशा बाणानं दाखवतात हे त्याला माहीत झालं होतं. पुढं आयुष्यभर त्यानं बाणच काढले, बारीक, सुबक, निळे बाण, आणि कुणी ते पाहिले नाहीत. मेंढरांना बाण कळत नाहीत म्हणून केरबा माती सोडत होता असं त्याला वाटायचं. बाण माणसांनाही कळत नाहीत, हे कळायला त्याला सहासष्ट वर्षं लागली.

ते वाकले. गुडघा कुरकुरला. जमिनीवर सिमेंटची बारीक धूळ होती, ती त्यांनी चिमटीत घेतली. चिकट बोटांना ती आनंदानं लागली. जिथं ब्लास्टिंगच्या खोलीचं दार येणार होतं तिथं उभं राहून त्यांनी हात वर केला आणि धूळ सोडली. थोडी बोटांना चिकटून राहिली, पण उरलेली सुटली. उन्हाच्या पट्ट्यात तिचा एक पांढरा पदर झाला, तरंगत, अजिबात घाई न करता, तो पहिल्या बूथच्या खुणेवरून गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौथ्यापाशी खाली बसला. चौथ्यापाशीच.

“काय सर,” राजकुमार टाळी देण्याच्या बेतात हसला, “भंडारा उधळता का! नाव खंडेराव ठेवल्याचं सार्थक केलंत!”

सुकेशनी हसली नाही. ती चौथ्या बूथच्या खुणेकडं पाहत होती. तिनं वहीचं एक पान उलटलं, काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं, राजकुमारकडं पाहिलं आणि पान पुन्हा पूर्वीसारखं केलं. बोल, असं खंडेराव मनात म्हणाले. मग त्यांना वाटलं, हा काय निर्लज्जपणा! आपण एकोणीस वर्षं जे गिळलं ते या पोरीनं सहा महिन्यांत ओकून टाकावं अशी अपेक्षा.

पुन्हा टेबलाशी आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एक युक्ती तयार झाली होती. भित्र्या माणसांना युक्त्या सुचतात; सरळ बोलता येत असतं तर सुचल्या नसत्या. सोंडा परत काढा असं म्हणायला तोंड उघडत नाही ना? मग हातानं करावं. ती गुळाची ओळच खोडावी. ओळ गेली की रकान्यात भोक पडेल. वेल्डरांच्या आरोग्याला समोर काहीच नाही हे कुणालाही दिसेल, राजकुमारलाही दिसेल. मग तो विचारेल, सर, याच्या जागी काय? आणि विचारल्यावर उत्तर द्यायला खंडेराव कधीच चुकले नव्हते. त्यांनी लाल पेन घेतलं, पट्टी ठेवली आणि सातव्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारली. एकोणीस वर्षांचं काहीतरी त्या रेघेखाली मोडल्यासारखं वाटलं.

राजकुमारनं वाकून पाहिलं. खंडेराव वाट पाहू लागले.

“अरे वा!” तो म्हणाला. “हे बेस्ट केलं, सर. खरं सांगू? मलाच काढायचं होतं ते, पण जुन्या लोकांचं मन दुखायला नको म्हणून गप्प होतो. मुंग्या होतात, परात धुवायला माणूस लागतो, बाहेरचे पाहुणे आले की विचारतात हे काय आहे. आता तुम्हीच काढलं म्हटल्यावर कुणी काही म्हणणार नाही. सुकेशनी, लिहून घ्या, जुन्या शेडमधलाही बंद. सरांच्या सल्ल्यानं.”

खंडेराव नकाशाकडं पाहत राहिले. रकान्यात भोक होतं. कुणालाच ते दिसत नव्हतं. कागदावर ती जागा नुसती स्वच्छ दिसत होती, नव्या शेडसारखी. झाकणं होती तशी होती. ब्लास्टिंगचं दार होतं तिथंच होतं. आणि संध्याकाळी पाळी सुटताना दारात परात नसेल, तो काच वर करणारा पोरगा इकडंतिकडं पाहील, कुणीतरी त्याला सांगेल, खंडेराव साहेबांनी बंद केला. ते कडुबाच्या दारापर्यंत जाईल. कडुबा काही बोलायला जाईल, दम सरेल, आणि आवडाबाई ते वाक्य पुरं करील. कसं करील ते त्यांना ऐकू येत होतं. आयुष्यात एकदाच एवढ्या ठामपणे रेघ मारली, आणि तीही त्या माणसांच्या तोंडातला खडा काढून घेण्यासाठी! त्यांना स्वतःचा इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. राजकुमारचाही आला, पण तो त्या मानानं किरकोळ होता.

“झालं मग,” राजकुमारनं पेन त्यांच्या हाताशी सरकवलं. “इथं, कोपऱ्यात. की अजून काही म्हणायचंय, सर?”

तोच प्रश्न. आज खोलीत अकरा माणसं नव्हती; दोन होती, आणि त्यातलं एक वहीत खाली पाहत होतं. घसा खाकरायची गरज वाटली नाही.

“व्हय,” खंडेराव म्हणाले. नकाशाच्या खोलीतली भाषा नव्हती ती. कुठून आली कुणास ठाऊक. “म्हणायचंय.”

आणि त्याच क्षणी खाली टाकी भरून झाली असावी. अंगणात गारा कोसळल्या. खिडकीची काच थरथरू लागली, टेबलावरच्या चहात वर्तुळं उठली. खंडेरावांचे ओठ हलले. त्यांचं त्यांनाच काही ऐकू आलं नाही. राजकुमारनं कानाला हात लावला, हसला, हातानंच खूण केली: नंतर, सर, नंतर, आधी सही. मग त्यानं फोन उचलून पाहिला आणि दार ढकलून बाहेर गेला, जाताना दोन बोटं दाखवत, दोन मिनिटांत आलोच.

खंडेरावांनी पेनाचं टोपण लावलं. नकाशावर डावा तळहात पसरून ठेवला, चौथ्या बूथवर. तो कागदाला जरासा चिकटला. समोर सुकेशनी उठायच्या बेतात होती. तिनं त्यांच्या हाताकडं पाहिलं, टोपण लावलेल्या पेनाकडं पाहिलं, आणि परत खाली बसली. मग मांडीवरची वही उचलून तिनं टेबलावर, नकाशाशेजारी, उघडी ठेवली. आकडे त्यांच्याकडं तोंड करून होते.

बाहेर आवाज चढतच होता. वीस मिनिटं चालणार होता तो. खंडेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, हात तिथंच राहू दिला, आणि म्हणायची वाक्यं एकामागून एक लावत, टाकी संपायची वाट पाहत बसले.